वाचकांचे प्रश्न : विल्यम जेम्स आणि ‘जाणीव’

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स घेतला आहे. १९०२च्या ‘व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पिरिअन्स’मध्ये तो धर्मानुभवाचा माग सुप्त जाणिवेपर्यंत काढतो, आणि १९०४च्या निबंधात जाणीव नावाचं काही नाहीच म्हणतो. दोन वर्षांत मत बदललं, असं लिहू का?

उत्तर : लिहू नका. १९०४च्या त्याच निबंधात तो सांगतो, की जाणीव ही ‘वस्तू’ आहे याबद्दल त्याला वीस वर्षांपासून शंका होती आणि सात-आठ वर्षांपासून तो हे विद्यार्थ्यांपुढे मांडत होता. म्हणजे १९०१-०२ची एडिंबरामधली गिफर्ड व्याख्यानं (‘व्हरायटीज’ हे त्यांचंच पुस्तक) देताना हे मत त्याच्या डोक्यात होतंच.

तो नाकारतो ती वस्तू. जाणण्याचं कार्य नाकारत नाही. त्याचाच दाखला घ्या. तुम्ही बसलेली खोली एकीकडे घराच्या इतिहासात मोडते (सुतारकाम, भिंतींचा कागद, सामानसुमान), दुसरीकडे तुमच्या आयुष्याच्या कथेत. दोन रेषा जिथे छेदतात तिथला बिंदू एकच असतो. पहिल्या रेषेवर त्याला खोली म्हणायचं, दुसरीवर खोलीची जाणीव.

मराठीत घोटाळा होतो तो शब्दांमुळे. ‘चैतन्य’ लिहिलंत की वेदान्तातलं स्वयंसिद्ध साक्षी चैतन्य (सगळं नुसतं पाहणारं, स्वतःच्याच बळावर असलेलं तत्त्व) आत शिरतं आणि जेम्स नेमकं तेच नाकारत असतो. ‘संज्ञाप्रवाह’ (‘स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस’) आपल्याकडे कादंबरीच्या समीक्षेत रुळला आहे, तोही जपून वापरा. जेम्सच्या १८९०च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ या ग्रंथात नवव्या प्रकरणाचं नाव ‘विचाराचा प्रवाह’ आहे. ‘जाणिवेचा प्रवाह’ हे १८९२च्या संक्षिप्त आवृत्तीतलं. सुरुवातीलाच ‘जाणीव’ हा एक शब्द ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

‘व्हरायटीज’च्या विसाव्या व्याख्यानातला भेदही सुटू देऊ नका. धर्मानुभवात माणूस ज्या ‘अधिक’शी (स्वतःपलीकडच्या मोठ्या कशाशी तरी) जोडला जातो त्याचा ऐलतीर म्हणजे आपल्याच जाणिवेचा सुप्त विस्तार, एवढंच मानसशास्त्र सांगू शकतं. पैलतीराबद्दल ज्याची त्याची पुराव्यापलीकडची श्रद्धा; जेम्स स्वतःचीही सांगतो, पण तशी नोंद करून. ‘जेम्सने ईश्वराला सुप्त मनात बसवलं’ हे वाक्य प्रबंधांत फार दिसतं. ते चूक आहे.

प्रश्न : गूढानुभवाच्या त्याच्या चार खुणा तुकोबांच्या अभंगांना लावता येतील का?

उत्तर : अनिर्वचनीयता (शब्दांत न मावणं), ज्ञानगर्भता (काही कळलं असं वाटणं), क्षणिकता आणि अकर्तेपण (आपण करत नसून आपल्याला होतंय असं वाटणं) या त्या चार. जेम्सच्या मते पहिल्या दोन असल्या की पुरे. उरलेल्या तितक्या ठळक नाहीत, पण बहुधा आढळतात. क्षणिकतेचं त्याचं माप अर्धा तास, फार तर एक-दोन तास. या खुणा अवस्थेच्या आहेत आणि अभंग ही रचना आहे. तेव्हा अभंगात अवस्थेचं वर्णन कुठे आहे ते आधी वेगळं काढा, मगच खुणा तपासा.

मोठी अडचण दुसऱ्या व्याख्यानात आहे. धर्म म्हणजे व्यक्तीच्या ‘एकांतातल्या’ भावना, कृती आणि अनुभव, अशी व्याख्या तो त्या व्याख्यानांपुरती करतो. तिथे दिंडी, टाळकरी, कीर्तन बसतच नाहीत. तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांनी २००२ साली जेम्सवर लिहिताना हीच उणीव दाखवली. वारकरी परंपरेवर लिहायचं तर हा आक्षेप तळटीपेत न ढकलता प्रकरणाच्या सुरुवातीला घ्या.

प्रश्न : संदर्भ कसे द्यावेत?

उत्तर : आवृत्तीगणिक पानं बदलतात, म्हणून ‘व्हरायटीज’मधल्या व्याख्यानाचा क्रमांक अवश्य द्या, एकूण वीस आहेत. धर्मांतराच्या (म्हणजे माणूस आतून पालटण्याच्या) बऱ्याच हकिगती जेम्सने मानसशास्त्रज्ञ एडविन स्टारबकच्या संग्रहातून घेतल्या आहेत. त्या जेम्सने स्वतः ऐकल्या, असं लिहू नका.