पर्ल शिकतोयस? आधी या दोन ओळी टाक

भावा, पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेल्या तुझ्या स्क्रिप्टमध्ये (छोट्या प्रोग्रॅममध्ये) हळदीच्या सौद्यांची बेरीज चुकतेय म्हणून सगळी स्क्रिप्ट नव्यानं लिहू नकोस. फाईलच्या अगदी वर 'यूज स्ट्रिक्ट' (use strict;) आणि 'यूज वॉर्निंग्ज' (use warnings;) टाक आणि चालव. धडाधड एरर येतील. घाबरू नकोस, चुका आधीपासूनच होत्या, आता दिसायला लागल्या एवढंच.

स्ट्रिक्टमुळे प्रत्येक व्हेरिएबल, म्हणजे आकडा किंवा मजकूर ठेवायचं नाव, 'माय' (my) लावून जाहीर करावं लागतं. 'दर'च्या जागी चुकून 'दार' लिहिलंस तर स्क्रिप्ट सुरूच होणार नाही. एरवी पर्ल गुपचूप नवं रिकामं व्हेरिएबल धरतं आणि गुणाकार शून्य!

तुला जास्त उपयोग वॉर्निंग्जचा. दर '१२,५००' असा स्वल्पविरामासकट आला, तर पर्ल हिशेबात फक्त १२ धरतं. सांगलीच्या एका अडत्यासाठी लिहिताना माझ्या दोन रात्री यात गेल्या. वॉर्निंग चालू असती तर तिनं लगेच सांगितलं असतं, हा आकडा नाही म्हणून.

नवखे हमखास इथं चुकतात:
- एरर नकोत म्हणून स्ट्रिक्टच काढून टाकतात.
- सगळे 'माय' वरतीच कोंबतात. लागेल तिथंच जाहीर कर.
- शेवटची एरर आधी धरतात. पहिली सोडव, खालच्या बऱ्याच आपोआप जातात.

स्ट्रिक्ट बंद करणारं 'नो स्ट्रिक्ट' कधी वापरायचं, ते सध्या राहू दे. पर्ल ५.३६ किंवा पुढचं असेल तर 'यूज व्ही५.३६' ही एकच ओळ दोन्ही चालू करते.