कोरड्या बडोद्यात वाइनचा नाद

तू विचारलंस, "काका, नाशिकला चार वाइन चाखल्या आणि नाद लागला. पण राहतो बडोद्यात. इथे ही आवड वाढणार कशी?"

माझी इथेच वाढली, वीसेक वर्षांत. एक गोष्ट आधीच सांगून मोकळा होतो: येताना गाडीच्या डिकीत बाटली नको. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा १९६० मध्ये गुजरातच्या वाट्याला आला, तो अजून आहे. सापुताऱ्याच्या नाक्यावर तुझी रसिकता कोणी ऐकून घेणार नाही.

माझी सुरुवात वाईट झाली. नाशिकच्या एका हॉटेलात भर एप्रिलमध्ये रेड वाइन मागवली. वेटरने "रूम टेंपरेचर" म्हणत कपाटातून काढून दिली. जवळजवळ काढाच! रेड खोलीच्या तापमानाला प्यावी, यातली खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची, हे पुढे कळलं. आपल्याकडे रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. हे ठाऊक नसल्यामुळे मी तीन-चार वर्षं वाइनच्या वाटेला गेलो नाही.

मग नाक कुठे तयार झालं? खंडेराव मार्केटात. हसू नकोस. सोव्हिन्यों ब्लांक या व्हाइट वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो म्हणतात, ती मला थाप वाटायची. पण पायराझिन नावाची जी द्रव्यं मिरचीत असतात, तीच या द्राक्षातही असतात. तेव्हापासून भाजी घेताना मिरचीचं देठ मोडून हुंगतो, लिंबाची साल नखाने खरवडतो, पेरू कच्चा नि पिकलेला दोन्ही नाकाशी धरतो. भाजीवाल्या मावशी आता काही बोलत नाहीत.

शिराझ या रेड वाइनची गंमत वेगळी. पुण्याला भाच्याकडे ऑस्ट्रेलियन शिराझ उघडली, तर ही पहिल्याच हुंगण्यात म्हणाली, "मिरी!" मला काहीच येईना. मिऱ्यातलं रोटंडोन हे द्रव्य शिराझमध्येही असतं, हे २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. पाचातल्या साधारण एकाला त्याचा वासच येत नाही. तो पाचवा मी. चाळीस वर्षं वरणाला मिरी कमी पडली म्हणून मी हिच्याशी वाद घातलाय, तो खटला त्या दिवशी निकालात निघाला.

जिभेची तालीम चहावर कर. बिनदुधाचा चहा एक तीन मिनिटं ठेव, एक दहा. दुसऱ्याने हिरड्या ओढल्यासारख्या कोरड्या होतात, ते टॅनिन. रेडमध्ये ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतं. लिंबूपाण्याने तोंडाला सुटतं ते पाणी म्हणजे आम्लता. एवढ्या दोन गोष्टी ओळखता आल्या तरी अर्धी वाइन कळते.

वही ठेव. माझ्या पहिल्या वहीत पानोपानी "छान", "बरी", "छान". काय उपयोग? पुढे एका शेनिन ब्लांकसमोर लिहिलं, "कच्च्या पेरूची फोड, मीठ न लावलेली." ती चव अजून जिभेवर आहे.

आणि फेब्रुवारीत जा. युरोपात वेलीची छाटणी वर्षातून एकदा होते, नाशिकला दोनदा: काडी वाढवायला एप्रिलची खरड छाटणी, फळ धरायला ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी. म्हणून तिथे तोडा जानेवारी ते मार्चमध्ये येतो. बागेतल्या माणसाला विचारून वाइनचं द्राक्ष तोंडात टाक: बारकं, जाड सालीचं, बियांचं, आणि आपल्या खायच्या थॉम्पसनपेक्षा गोड. टेस्टिंगला थुंकायला लाजू नकोस, नाहीतर तिसऱ्या ग्लासनंतर सगळंच "छान" लागतं. गाडी चालवणारा मात्र न पिणाराच ने.

शिराझ चाखलीस की मिरी आली का, तेवढं इथे कळव. ही विचारत होती.