‘क्षमता बांधणी’, ‘सुलभीकरण’ आणि मराठीतला ‘-व-’

एका स्वयंसेवी संस्थेत प्रशिक्षणाचे काम पाहणाऱ्या वाचकांचा प्रश्न असा आहे : ‘फॅसिलिटेटिंग चेंज अँड कपॅसिटी डेव्हलपमेंट विदिन अँड अक्रॉस ऑर्गनायझेशन्स’ या शीर्षकाचा ‘संस्थांतर्गत व आंतरसंस्थात्मक बदल व क्षमता विकासाचे सुलभीकरण’ असा अनुवाद त्यांच्या कार्यालयात झाला आहे. तो योग्य आहे का, आणि ‘क्षमता बांधणी’ व ‘क्षमता विकास’ यांपैकी कोणता शब्द वापरावा?

अनुवादातील प्रत्येक शब्द कोशात सापडेल, परंतु संपूर्ण शीर्षक वाचून नेमके कोण काय करणार आहे हे कळत नाही. त्याला मुख्यतः ‘सुलभीकरण’ हा शब्द कारणीभूत आहे. ‘सुलभ’ म्हणजे मुळात सहज लाभणारे, ‘दुर्लभ’च्या उलट; पुढे त्याला ‘सोपे’ हा अर्थ आला. ‘कायद्याचे सुलभीकरण’ किंवा ‘परवाना पद्धतीचे सुलभीकरण’ असे आपण लिहितो, तेव्हा किचकट गोष्ट सोपी केली असेच आपल्याला म्हणायचे असते. त्याच न्यायाने ‘बदलाचे सुलभीकरण’ म्हणजे बदल सोपा करून टाकणे, म्हणजे जवळजवळ पातळ करणे, असा अर्थ निघतो. मूळ शीर्षकात बदल सोपा करायचा नसून तो घडून येण्यासाठी वाट मोकळी करायची आहे. करण्यास सोपे यासाठी मराठीत ‘सुकर’ हा अधिक नेमका शब्द आहे आणि ‘बदल सुकर करणे’ हे निदान अर्थाला धरून तरी राहते.

‘फॅसिलिटेटर’साठी, म्हणजे इतरांना शिकण्यास किंवा बदलण्यास मदत करणाऱ्या माणसासाठी, वापरल्या जाणाऱ्या ‘सुलभक’ची गोष्ट मात्र निराळी आहे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाची, म्हणजे शिकणारा आपले ज्ञान स्वतः रचतो या विचाराची, चर्चा शाळांपर्यंत पोहोचली आणि ‘शिक्षक हा सुलभक आहे’ हे वाक्य प्रशिक्षणांतून इतके फिरले की आता तो शब्द शिक्षकांच्या बोलण्यात मुरला आहे. लेखक, पाठक यांतला ‘-अक’ धातूला लागतो, तो ‘सुलभ’ या विशेषणाला कसा लागला, असा आक्षेप काही जण घेतात. संस्कृतात नामांपासून व विशेषणांपासूनही धातू साधता येत असल्यामुळे मला तो आक्षेप फार वजनदार वाटत नाही. शहरी वाचकाला ‘सुलभ’ म्हटल्यावर आधी सार्वजनिक स्वच्छतागृह आठवते ही अडचण त्यापेक्षा खरी आहे, पण तिला इलाज नाही.

आता बांधणी आणि विकास. 1992 च्या रिओ येथील पर्यावरण व विकास परिषदेत स्वीकारलेल्या ‘अजेंडा 21’ या कृती आराखड्याच्या सदतिसाव्या प्रकरणात ‘कपॅसिटी बिल्डिंग’ हा प्रयोग आहे. पुढे मदत देणाऱ्या देशांच्या वर्तुळात त्याविषयी नापसंती वाढली. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) विकास साहाय्य समितीने 2006 साली काढलेल्या दस्तऐवजात ‘बिल्डिंग’ऐवजी ‘डेव्हलपमेंट’ का घेतले, याचे स्पष्टीकरण आहे : ‘बिल्डिंग’ म्हटले की मोकळ्या जागेवर पायापासून नवी इमारत उभारायची आहे असे वाटते, प्रत्यक्षात मात्र लोकांकडे व संस्थांकडे आधीपासून काही क्षमता असतातच. इंग्रजीपुरता हा मुद्दा रास्त आहे. परंतु इंग्रजीत ‘बांधणी’ टाकून दिली म्हणून मराठीतही ती टाकली पाहिजे, असे मुळीच ठरत नाही.

याचे कारण ‘बांधणे’ या क्रियापदातच आहे. गवंडी भिंत बांधतो आणि शेतकरी दावणीला बैल बांधतो. उभारणे आणि जोडून ठेवणे हे दोन्ही अर्थ मराठीत एकाच शब्दात नांदतात. पक्षबांधणी, संघटनाबांधणी, मोर्चेबांधणी या शब्दांत विटा नाहीत, आधीपासून असलेली माणसे व बळ एकत्र आणणे आहे. पुस्तकबांधणीतही कागद आधी छापलेला असतो. त्यामुळे पंचायत राज व बचत गटांच्या कामात रुळलेला ‘क्षमता बांधणी’ हा शब्द इंग्रजीतल्या दोषाचा वारसदार ठरत नाही. उलट ‘क्षमता विकास’ हा शब्द ‘कौशल्य विकास’ला इतका लागून बसतो की वाचक दोन्ही एकच समजतो. ‘सक्षमीकरण’ शब्दशः सर्वांत जवळचा होता, पण तो ‘महिला सक्षमीकरण’ या प्रयोगात अधिकार मिळण्याच्या अर्थाने आधीच गुंतला आहे. ‘कुवत’ आणि ‘ऐपत’ हे बोलीतले चांगले शब्द आहेत. त्यांपैकी दुसरा केवळ पैशाकडे झुकतो आणि पहिला बहुधा कुणाची तरी कमतरता दाखवतानाच तोंडी येतो.

माझी तक्रार नामाबद्दल नसून त्याच्यापुढे येणाऱ्या क्रियापदाबद्दल आहे. अहवालांत ‘सरपंचांची क्षमता बांधणी करण्यात आली’ असे वाक्य हमखास असते. त्यात करणारा अदृश्य आहे आणि ज्यांच्याविषयी बोलायचे ते सरपंच षष्ठीत अडकले आहेत. मराठी माणूस क्षमतेविषयी असे बोलत नाही. तो म्हणतो, ‘तिला हिशेब लिहिता येतो’, ‘मला पोहता येते’. क्षमता ज्याची, तो चतुर्थीत असतो आणि क्षमता त्याच्याकडे ‘येते’. ती कुणी बाहेरून त्याच्यावर ‘करत’ नाही.

याहून विलक्षण गोष्ट ‘-व-’ या प्रत्ययाची आहे. ‘आजोबा नातवाला हात धरून चालवतात’ यातील ‘चालवणे’ प्रयोजक आहे. चालण्याची क्रिया नातवाची, पण ती करवणारे आजोबा. ‘आजोबांना आता दोन मैल चालवते’ यातील ‘चालवते’ शक्य क्रियापद आहे. येथे दुसरे कुणी चालवत नाही, आजोबांच्या अंगी चालण्याची शक्ती आहे एवढेच सांगायचे आहे. रूप जवळजवळ एकच, पण पहिल्या वाक्यात क्रियेची सूत्रे दुसऱ्याच्या हाती आहेत आणि दुसऱ्या वाक्यात ती स्वतःच्या हाती आहेत. प्रश्नातील शीर्षक ज्या कामाविषयी आहे, ते सारे काम या पहिल्या ‘चालवणे’कडून दुसऱ्याकडे जाण्याचे आहे. बदलाच्या बाबतीतही मराठीत अशी पायरी आहे : बदल घडणे, घडू देणे, घडवणे, घडवून आणणे. सुलभकाचे काम ‘घडू देणे’पेक्षा अधिक असते, कारण तो नुसता बाजूला उभा राहत नाही, आणि ‘घडवून आणणे’पेक्षा ते कमी असते. म्हणून ‘बदल घडून येण्यास साहाय्य करणे’ ही रचना लांब वाटली तरी मला ती ‘सुलभीकरणा’पेक्षा पसंत आहे.

येथे व्यक्ती आणि संस्था यांतील भेदही लक्षात घ्यावा लागतो. दहा ते वीस महिलांच्या बचत गटात एकीला हिशेब लिहिण्याचे प्रशिक्षण दिले, तर तिला हिशेब लिहिता येऊ लागतो. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की गटाला पुन्हा हिशेब लिहिता येत नाही. ‘तिला येते’ आणि ‘गटाला येते’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि दुसरे वाक्य खरे होण्यासाठी वही तपासण्याची पद्धत, जबाबदारी आळीपाळीने घेण्याचा नियम आणि बैठकीत हिशेब वाचून दाखवण्याची सवय लागते. ‘क्षमता बांधणी’ या मथळ्याखाली केवळ प्रशिक्षणांची यादी छापली जाते, तेव्हा हे दुसरे वाक्य गळून पडते.

‘विदिन’साठी ‘संस्थांतर्गत’ ठीक आहे. ‘अक्रॉस’साठी ‘आंतरसंस्थात्मक’ चूक नाही, परंतु ‘अंतर्गत’ आणि ‘आंतर-’ हे एकाच वाक्यात शेजारी आले की सामान्य वाचक गोंधळतो. छापताना एक काना किंवा अनुस्वार इकडेतिकडे झाला की अर्थच उलटतो. ‘संस्थासंस्थांमध्ये’ ही द्विरुक्ती अस्सल मराठी आहे, पण ‘गावागावांत’सारखी ती ‘प्रत्येक संस्थेत’ असाही अर्थ देते. ‘परस्परांत’ हा शब्द ही संदिग्धता टाळतो. ‘ऑर्गनायझेशन’साठी ‘संस्था’च घ्यावी. ‘संघटना’ म्हटले की कामगार किंवा चळवळ आठवते, आणि ‘आस्थापना’ हा शब्द दुकाने व आस्थापना अधिनियमामुळे नोकरी देणाऱ्या जागेशी बांधला गेला आहे.

एका संस्थेकडून दुसरीकडे क्षमता जाण्यासाठी शब्द शोधायला परदेशी दस्तऐवजांकडे जाण्याचीही गरज नाही. ‘उमेद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, जुन्या गटांतील अनुभवी महिला नव्या गावी जाऊन तेथील गट उभे करतात. त्यांना ‘वर्धिनी’ म्हणतात. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या क्षेत्रीय कार्यकर्तीला ‘सहयोगिनी’ म्हणतात. 2009 साली सुरू झालेल्या ‘साक्षर भारत’ या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात ‘प्रेरक’ होते. या तिन्ही शब्दांत माणूस काय करतो ते दिसते, आणि ‘वर्धिनी’मुळे ‘क्षमतावर्धन’ हा शब्दही गावातल्या बाईला परका राहत नाही.

त्यामुळे शीर्षक म्हणून मी ‘संस्थांतर्गत व संस्थांच्या परस्परांतील बदल आणि क्षमतावर्धन : सुलभकाचे काम’ असे सुचवेन. पदनाम हवे असल्यास ‘सुलभक’ पुरेसे आहे. ‘बदल सुलभीकरण व क्षमता विकास अधिकारी’ असली पाटी दारावर लावू नये. अहवालाच्या मजकुरात ‘क्षमता बांधणी’ खुशाल ठेवावी, मात्र तिच्यामागून ‘करण्यात आली’ येत असेल, तर ते वाक्य खोडून कोणाला काय करता येऊ लागले ते लिहावे.