पर्मनंट नोकरी सोडून इंज्युरी प्रिव्हेन्शनची फेलोशिप घेऊ का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. फिजिओथेरपी झाली, मग एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स केलंस, आता एका वर्षाची ट्रेनिंग फेलोशिप समोर आहे, विषय इंज्युरी प्रिव्हेन्शन (लोकांना इजा होऊच नये यासाठीचं काम) आणि प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन (एखाद्या कार्यक्रमाचा खरंच उपयोग झाला का हे तपासणं), आणि नेमकी त्याच वेळी हॉस्पिटलमध्ये कोऑर्डिनेटरची पर्मनंट जागा मिळतेय. बाबा म्हणतात अजून किती वर्षं शिकणार, आणि तुला स्वतःला वाटतंय की इव्हॅल्युएशन म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामाचा हिशोब ठेवत बसायचं, त्यात आपलं काय. बाबांचं नंतर बघू. आधी तुझी शंका घेते, कारण तिच्यापायी तू ही संधी सोडलीस तर मला खरंच वाईट वाटेल.

हे बघ, १९९० मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत आधी शोधून काढलं की घराला आग लागून सगळ्यात जास्त लोक कुठल्या भागात जखमी होतात, आणि मग त्याच भागात स्मोक अलार्म फुकट वाटले, दहा हजारांच्या वर. पुढच्या चार वर्षांत तिथे आगीत जखमी होण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी उतरलं, बाकीच्या शहरात मात्र उतरलं नाही. झालं, आता कोणालाही वाटेल की उपाय सापडला, वाटत सुटा. नंतर लंडनमध्ये गरीब वस्त्यांत साधारण वीस हजार अलार्म वाटले, आणि कुठल्या वस्तीला द्यायचे कुठल्या नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं रँडम ठरवलं. २००२ मध्ये रिझल्ट छापून आला की आगीतल्या जखमा काही कमी झाल्या नाहीत. का, तर बऱ्याच घरांत ते अलार्म भिंतीला लागलेच नव्हते, लागले तिथेही नीट चालू राहिले नव्हते. नुसता वाटपाचा आकडा धरला असता तर दोन्ही कार्यक्रम एकदम पास. कोणीतरी नंतर घरात जाऊन मान वर करून बघितलं म्हणून खरं काय ते कळलं, आणि ते बघायला जाणारं माणूस म्हणजे इव्हॅल्युएटर. याला तू हिशोब ठेवणं म्हणतेस?

आता रोजचं काम कसं असतं तेही सांगते, नाहीतर तिथे जाऊन हिरमोड व्हायचा. माझ्याकडे आधी आलेल्या एका मुलीने अशाच फेलोशिपचे पहिले दोन महिने फक्त इमर्जन्सीची रजिस्टरं वाचली होती. कारणाच्या रकान्यात पानामागून पान एकच शब्द, "पडला". कुठून पडला, जिन्यावरून की खिडकीतून, पायरी ओली होती का, कठडा होता का, काही नाही. तिने त्याच रजिस्टरात तीन छोटे रकाने वाढवून घेतले, नर्सेसना समजावलं, आणि सहा महिन्यांनी तिच्याकडे काहीतरी करता येईल असा डेटा होता. कंटाळवाणं होतं, ती रडकुंडीलाही आली होती, पण आज ती त्याच कामाबद्दल सगळ्यात जास्त बोलते.

एक शब्द आत्तापासूनच जपून वापर, तो म्हणजे अॅक्सिडेंट. या क्षेत्रातले लोक तो टाळतात, ब्रिटिश मेडिकल जर्नलने तर २००१ मध्ये तो छापायचाच नाही असं ठरवलं, कारण अॅक्सिडेंट म्हटलं की नशिबावर ढकलता येतं आणि इजा म्हटलं की कारण शोधावं लागतं. विल्यम हॅडन नावाच्या डॉक्टरने याचा एक तक्ता बनवला, तो तुला पहिल्याच आठवड्यात शिकवतील: घटनेच्या आधी, घटना घडताना आणि घटनेनंतर अशा तीन ओळी, आणि प्रत्येक ओळीत माणूस, वाहन किंवा वस्तू आणि आजूबाजूची परिस्थिती यात काय बदलता आलं असतं. तू फिजिओ म्हणून आजवर तिसऱ्या ओळीतच काम केलंयस गं, मोडलेलं माणूस परत उभं करायचं. वरच्या दोन ओळींत जायची वाट ही आहे, आणि तुझं ते शिक्षण अजिबात वाया जात नाहीये.

मात्र मनाची तयारी ठेव. इजेमध्ये आत्महत्या, मारहाण, घरातली हिंसा हे सगळं येतं. लहान मुलांच्या बुडण्याच्या नोंदी दिवसभर वाचून संध्याकाळी नॉर्मल राहणं सोपं नसतं, त्यामुळे तिथे फेलोंशी याबद्दल कोणी बोलतं का हे इंटरव्ह्यूमध्ये सरळ विचार.

बाबांचा प्रश्न चुकीचा नाहीये, त्यांना धड उत्तर दे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे इजांमुळे जगात वर्षाला सुमारे ४४ लाख माणसं मरतात आणि ५ ते २९ वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरचे अपघात आहेत, म्हणजे काम संपणारं नाही. इव्हॅल्युएशन येणारं माणूस तर आरोग्य खात्यांना, संस्थांना, पैसे देणाऱ्या फंडर्सना, सगळ्यांनाच लागतं, विषय कुठलाही असो. पण घरात खरोखर पैशाची निकड असेल आणि स्टायपेंडमध्ये भागणार नसेल तर नोकरी घे, त्यात काही कमीपणा नाही, आणि तिथल्याच ट्रॉमा रजिस्ट्रीच्या, म्हणजे गंभीर जखमी पेशंटच्या नोंदी ठेवण्याच्या कामात शिरायचं बघ.

फॉर्म भरणार असशील तर एसओपीमध्ये, म्हणजे तुला हे का करायचंय ते सांगणाऱ्या निवेदनात, "मला समाजाची सेवा करायची आहे" हे नको, सगळेच लिहितात. त्यापेक्षा एक प्रश्न लिही जो तुला छळतो. उदाहरणार्थ, एखाद्या वळणावर एका वर्षी खूप गाड्या धडकल्या म्हणून बोर्ड लावला आणि पुढच्या वर्षी धडका कमी झाल्या, तर त्या बोर्डामुळे झाल्या की ते एक वर्षच वाईट होतं आणि आकडा आपोआप खाली येणारच होता? हे कसं तपासशील ते दहा ओळीत लिहिलंस तरी पॅनेल नीट वाचेल. आणि होकार देण्याआधी त्यांना हे नक्की विचार की मेंटॉर आठवड्यातून किती वेळ देणार, एक तरी इव्हॅल्युएशन पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातात असणार का, आणि त्याचा रिपोर्ट वाचून निर्णय कोण घेणार. तिसऱ्या प्रश्नावर ते गडबडले तर मला लगेच कळव, मग आपण नोकरीचा परत विचार करू.