सर्फिंगचे फोटो काढायला आधी लेन्स बघ

सगळे पैसे बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यात, घालू नकोस. किनाऱ्यावरून सर्फर फार लांब असतो, २०० मिमीच्या लेन्सवर तो मुंगीएवढाच दिसेल. १००-४०० किंवा १५०-६०० मिमीची झूम घे. बॉडी एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरची, असली तरी चालेल, उलट बरंच, १.५ क्रॉपमुळे, म्हणजे लहान सेन्सर चित्राचा मधलाच भाग टिपतो म्हणून, ४०० मिमीची चौकट ६०० सारखी मिळते. फक्त बॉडीचा ऑटोफोकस चपळ हवा. उन्हात एफ ६.३ एवढं लेन्सचं छिद्र पुरतं, पण उडणारे थेंब सुटे दिसायला शटर १/२००० सेकंद ठेव. इनडोअर सामन्यांचं गणित वेगळं, तिथे उजेड कमी, म्हणून एफ २.८ ची, म्हणजे मोठ्या छिद्राची, लेन्स लागतेच.

आणि वाळूत उभं राहून लेन्स बदलू नकोस. मी बदलली होती. सेन्सरवरचे ठिपके नंतर महिनाभर प्रत्येक फोटोच्या आभाळात दिसत होते.