'सेनानी' हे 'सैनिक'चं स्त्रीलिंग आहे का?

प्रश्न असा होता की उषा मेहतांना स्वातंत्र्यसैनिक म्हणायचं की स्वातंत्र्यसेनानी, म्हणजे 'सेनानी' हे स्त्रीलिंग रूप आहे का?

नाही हो, अजिबात नाही. शेवटच्या 'ई'मुळे फसायला होतं, बाकी काही नाही. सेनानी म्हणजे सेना नेणारा, सेनापतीच, आणि यातला 'नी' अग्रणीमधला 'णी' आहे, राणीमधला नाही. गीतेच्या दहाव्या अध्यायात 'सेनानीनामहं स्कन्दः' आहे, तिथे स्कंद म्हणजे कार्तिकेय, आता बोला!

मग सैनिकचं स्त्रीलिंग काय? लेखक-लेखिका, सेवक-सेविका हे 'अक'वाल्या शब्दांचं जमतं, पण सैनिक, नागरिक हे 'इक'वाले. संस्कृतच्या नियमाने 'सैनिकी' होईल पण तो शब्द मराठीत आधीच सैनिकी शाळेने पळवलाय. 'सैनिकीण' केलं तर पाटलीणबाईंसारखं सैनिकाची बायको वाटेल. त्यामुळे शब्द तसाच ठेवायचा आणि लिंग क्रियापदातून दाखवायचं: १९४२मध्ये मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता स्वातंत्र्यसैनिक होत्या. झालं.

अडचण येते ती विभक्तीत. 'त्या स्वातंत्र्यसैनिकाने सांगितलं' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर बाप्याच उभा राहतो, मग नाइलाजाने मागे 'महिला' लावावं लागतं. मला ते डॉक्टरला 'लेडी डॉक्टर' म्हटल्यासारखं खटकतं, त्यापेक्षा मी सरळ नाव घेतो. 'वीरांगना' मात्र नको, तो शब्द फार भाषणी झालाय.

अवांतर, अवंतिकाबाई गोखल्यांचं बघा. चंपारणला गेल्या, १९१८मध्ये गांधींचं मराठी चरित्र लिहिलं, त्याला प्रस्तावना टिळकांची, आणि १९३०च्या चळवळीत तुरुंगातही गेल्या. आता त्यांची ओळख लिहायला बसलं की 'लेखिका आणि स्वातंत्र्यसैनिक' असं होतं, एकाच बाईच्या नावापुढे एक शब्द बाईचा आणि दुसरा जणू पुरुषाचा. पण व्याकरणाने त्यात काहीही चूक नाही, बिनधास्त लिहा. फक्त तिथे सेनानी लिहिणार असाल तर त्यांना बढती देताय एवढं लक्षात असू द्या, हिंदीत सगळेच सेनानी असतात आणि आपल्याकडे तो वापर बहुतेक तिकडूनच आलाय.