सापेक्षतेआधी थोडी मशागत

एफवायला आहेस आणि सापेक्षता स्वतः शिकायची आहे ना? मग टेन्सरला, म्हणजे व्यापक सापेक्षता (आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत) ज्या गणितात मांडतात त्याला, आत्ताच हात लावू नकोस. मी लावला होता; सहा महिने नुसते वर-खालचे निर्देशांक गिरवले, हाती काही लागलं नाही. आधी आइन्स्टाइनचा १९०५ चा विशिष्ट सापेक्षतेचा सिद्धांत घे. त्याला बारावीचं बीजगणित आणि पायथागोरस पुरतो.

कागदावर प्रकाशाचं घड्याळ काढ: दोन आरसे, मध्ये वर-खाली जाणारा किरण. आता ते प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने आडवं पळव. किरण तिरका होतो आणि समोर चक्क ३-४-५ चा त्रिकोण उभा राहतो. आपली ५ सेकंदं, त्या घड्याळाची ४. कुणी सांगितलं म्हणून मानू नकोस, स्वतः काढ. मग म्यूऑन घे, वातावरणात उंचावर तयार होणारे अल्पायुषी कण: सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे जवळपास प्रकाशाच्या वेगाने गेले तरी जेमतेम ६६० मीटर प्रवास. तरी दहा-पंधरा किलोमीटरवरून ते जमिनीपर्यंत पोचतात कसे?

पोरं अडतात ती गणितात नाही, ‘एकाच वेळी’ या दोन शब्दांत: एकाला एकाच वेळी घडलेल्या वाटणाऱ्या दोन घटना पळणाऱ्या दुसऱ्याला तशा वाटत नाहीत. तिथे घाई नको. अवकाश-काल आलेख (एका अक्षावर जागा, दुसऱ्यावर वेळ) काढत बस, जुळ्यांचं कोडंही, म्हणजे वेगाने अंतराळात फिरून आलेला जुळा भाऊ घरी राहिलेल्यापेक्षा तरुण का, हेही त्यातच सुटतं. व्यापक सापेक्षतेला अनेक चलांचं कॅल्क्युलस आणि रेषीय बीजगणित लागतं, ते कॉलेजात होईलच. आणि कृष्णविवरांचे व्हिडिओ जेवताना बघ, अभ्यासाच्या वेळेत नाही.